निळा डबा



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे, आणि खरं सांगायचं तर रागावूनच बसले आहे. ३४ वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे शाळेविषयी वाईट लिहायला हात सहसा धजत नाही. पण या वेळी लिहिणार. (शाळेचं नाव विचारू नका. अशा शाळा आता गल्लोगल्ली आहेत.)

झालं असं. श्रावणात मुलाकडे पुण्याला गेले होते. नात साडेचार वर्षांची, शिशुवर्गात जाते. रात्री आठच्या सुमारास सूनबाईच्या मोबाइलवर शाळेचा निरोप आला. उद्या 'ब्लू डे'. मुलांना निळे कपडे घालून पाठवावे, डब्यातही निळा पदार्थ द्यावा. खाली आणखी एक ओळ होती, कृपया साधी पोळी-भाजी देऊ नये.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. निळा पदार्थ? मराठी माणसाच्या स्वयंपाकघरात निळं काय असतं, सांगा पाहू. हिरवी चटणी आहे, पिवळं वरण आहे, लाल भोपळ्याचे घारगे आहेत, गुलाबी सोलकढी आहे, काळ्या वाटाण्याची उसळ आहे. जांभूळसुद्धा जांभळंच. निळा म्हणाल तर फक्त गॅसचा जाळ!

सूनबाई साडेआठला ऑफिसातून आली. कोपऱ्यावरच्या दुकानातून निळ्या रंगाची बाटली घेऊनच आली बिचारी. सकाळी इडलीच्या पिठात चार थेंब पडले आणि इडल्या झाल्या प्लास्टिकच्या खेळण्यासारख्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "अगं, लेकराच्या पोटात शाई घालतेस का?"

ती काही बोलली नाही. डबा भरला, मुलीला तयार केलं. दाराशी चप्पल घालताना अगदी शांतपणे म्हणाली, "आई, ह्याच्या पाचव्या वाढदिवसाच्या फोटोत ताटभर गुलाबी वड्या आहेत. त्यांत कोणतं फूल घातलं होतंत?"

मंडळी, मी गप्प.

फोटो १९९० सालचा आहे. वड्या नारळाच्या आहेत आणि रंग वाण्याकडच्या पुडीतला आहे. त्या पुडीवर नाव नव्हतं, गाव नव्हतं. काडेपेटीच्या काडीच्या टोकावर बसेल एवढा घ्यायचा, असं शेजारणीने सांगितलं होतं, तेवढंच माझं शास्त्र. सुनेच्या बाटलीवर निदान आत काय आहे ते छापलेलं तरी होतं. तेव्हा आज मी जे लिहिते आहे, ते सुनेच्या विरोधात नाही. माझ्याही विरोधात आहे, असं धरून वाचा.

संध्याकाळी नात हातावर चांदणी उमटवून घेऊन आली. निळा डबा आणल्याबद्दल बक्षीस! साधा डबा आणलेल्या दोघांना मिळाली नाही, हेही तिने उत्साहाने सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या पांढऱ्या पिठाच्या इडल्या केल्या, तर ताटली पुढे ढकलून म्हणते, "आजी, ह्याला कलरच नाहीये. मला नको."

माझ्या रागाचं खरं कारण हे वाक्य आहे. चार थेंबांनी मूल आजारी पडलं नाही. पण तिच्या लेखी पांढरीशुभ्र, जाळीदार इडली एका दिवसात 'बिनरंगाची' झाली.

आता क्रमाने घेते. मास्तरीण आहे, मुद्दे पाडल्याशिवाय चैन पडत नाही.

मुद्दा पहिला. "रंगाला सरकारची परवानगी असते, उगाच बाऊ कशाला?"

असते ना. आपल्याकडे ८ कृत्रिम खाद्यरंगांना परवानगी आहे. टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइझीन, पाँसो ४ आर, एरिथ्रोसीन, ब्रिलियंट ब्लू, इंडिगो कार्माइन आणि फास्ट ग्रीन. पण ही परवानगी सरसकट नाही. केक, बिस्किटं, आइस्क्रीम, गोळ्या, मिठाई अशा ठरावीक पदार्थांसाठी आहे आणि तिलाही माप आहे. बहुतेक ठिकाणी किलोभर पदार्थात जास्तीत जास्त १०० मिलिग्रॅम. म्हणजे किती? चहाच्या चमचाभर साखरेचे ४० भाग करा, त्यातला एक. कारखान्यात तो काट्यावर मोजतात. घरी रात्री साडेदहाला, उद्याच्या चांदणीच्या काळजीत, बाटली उपडी धरणारी आई कशावर मोजणार? शाळेच्या बाईंना तरी हे माप माहीत आहे का? नसेल, तर मग हा गृहपाठ दिला कशाच्या आधारावर?

२००७ साली इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन विद्यापीठातला एक अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांची मिश्रणं दिल्यावर काही मुलांमधला चुळबुळेपणा वाढलेला दिसला. परिणाम मोठा नव्हता, सगळ्या मुलांत सारखाही नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरी युरोपात जुलै २०१० पासून ६ रंगांच्या पदार्थांवर तशी सूचना छापणं सक्तीचं झालं. त्या ६ पैकी ४ आपल्या यादीत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने एरिथ्रोसीनची खाद्यपदार्थांसाठीची परवानगी काढून घेतली. उंदरांत कर्करोग आढळल्यामुळे त्यांच्या कायद्याने तसं करणं भाग होतं. माणसांत तसा पुरावा नाही, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे घाबरून जावं असं काही नाही. पण रोज चार वर्षांच्या मुलाला द्यावं, असंही काही नाही.

आणि हे परवानगीच्या रंगांचं झालं. परवानगी नसलेल्यांचं काय? म्हातारीचे केस आठवतात ना? फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूने त्यावर बंदी घातली, कारण नमुन्यांत रोडामाइन-बी सापडला. तो कापडाला आणि कागदाला द्यायचा रंग. मार्चमध्ये कर्नाटकानेही रंगीत म्हातारीचे केस आणि रंग घातलेलं गोबी मंचुरियन बंद केलं. भडक गुलाबीची ओढ लागली की कुणीतरी तो स्वस्तात पुरवतोच. ती ओढ लावू नये, एवढंच माझं म्हणणं.

मुद्दा दुसरा, आणि हा माझ्याच बाजूच्या लोकांसाठी. "नैसर्गिक आहे ना, मग डोळे मिटून खा."

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सकाळी असा एक तरी संदेश येतो. (पाठवणाऱ्यांनी रागावू नये, कोण ते मी लिहिलेलं नाही!) अहो, कण्हेर नैसर्गिक आहे. धोतरा नैसर्गिक आहे. करता का चटणी? आपण मराठीत 'किरमिजी' रंग म्हणतो, तो शब्दच मुळी एका किड्यावरून आला आहे. कार्मिन नावाचा लाल रंग आजही वाळवलेल्या किड्यांपासून करतात. शंभर टक्के नैसर्गिक! हळदीचंही तेच. बांगलादेशात हळकुंडांवर पिवळेपणासाठी शिशाचं क्रोमेट चोळत असल्याचं २०१९ मध्ये संशोधनातून बाहेर आलं. शिसं मुलांच्या मेंदूला अपायकारक. तेव्हा 'निसर्ग' हा शब्द म्हणजे काही प्रमाणपत्र नव्हे. आपण हळकुंडं बघून घ्यावी, गिरणीत समोर उभं राहून दळून आणावी. मी सांगलीची, हळदीच्या पेठेतली, म्हणून अधिकाराने बोलते.

मग घरच्या रंगाची बाजू मी कशासाठी घेते? मुद्दा तिसरा.

आपल्याकडे पुडीतला रंग शिरला तो बहुतेक वेळा नसलेली वस्तू आहे असं दाखवायला. केशर परवडत नाही, म्हणून साखरभाताला केशरी रंग. पिस्ते नाहीत, म्हणून बर्फीला हिरवा. आंबा नाही, म्हणून आइस्क्रीमला पिवळा आणि वर इसेन्स. १८५६ साली विल्यम पर्किन नावाचा १८ वर्षांचा पोरगा डांबरापासून हिवतापावरचं क्विनाइन करायला गेला, आणि हाती लागला जांभळा रंग. तिथून कृत्रिम रंगांचा कारखाना सुरू झाला. शोध मोठाच होता. पण जे कापडाला शोभलं, ते ताटात आलं की थापा मारायला लागलं.

घरी केलेला रंग थाप मारू शकत नाही, कारण तो ज्याचा आहे त्याची चव, वास आणि खोड घेऊनच येतो. पालकाचा हिरवा पालकासारखाच लागतो. आमसुलाचा गुलाबी आंबटच असतो. तो हंगाम पाळतो, तापला तर रुसतो, दोन दिवसांत नासतो. हा त्याचा दोष म्हणतात. मी म्हणते, मुलांना शिकवण्यासारखं त्यात हेच आहे.

तर त्या रविवारी मी आणि नात ओट्यापाशी स्टूल घेऊन बसलो. सूनबाईला सांगितलं, आज तू स्वयंपाकघरात यायचं नाही, पेपर वाच.

पहिला निळा, कारण भांडण त्याचंच होतं. खालच्या अंगणात गोकर्णाचा वेल आहे. आपण ती फुलं देवाला वाहतो, पण थायलंडात त्यांचं सरबत करतात आणि मलेशियात निळा भात. दहा-बारा फुलं घेतली, हिरवे देठ काढले, पाकळ्या धुऊन अर्धी वाटी कडकडीत पाण्यात दहा मिनिटं ठेवल्या. पाणी शाईसारखं निळं! ते शिजत्या भातात घातलं. उरलेल्या पाण्यात नातीने लिंबू पिळलं आणि ते डोळ्यांदेखत जांभळं झालं. तिने जी किंकाळी फोडली, ती ऐकून सूनबाई पेपर टाकून धावत आली. (फुलं घरच्या, फवारणी न केलेल्या वेलाचीच घ्या, फुलबाजारातली नकोत. आणि फक्त पाकळ्या. बिया आणि मुळं रेचक असतात.)

मग हळद. सोड्याबरोबर ती लाल होते. ढोकळ्यात कधीकधी लाल ठिपके पडतात, ते त्यामुळे. कुंकू पूर्वी हळदीचंच करत, तेही याच गुणावर. आणि हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो आणि उन्हात वाळत घातला की फिका पडतो, हे तर आपल्याला लुगड्यांनी शिकवलेलं आहे. नातीला दोन बश्यांत करून दाखवलं, एकीत लिंबू, एकीत चिमूटभर सोडा. एक पिवळी, एक लाल. हा धडा मी ३४ वर्षांत वर्गात कधी दिला नाही, याची आता खंत वाटते. पण मी मराठीची बाई, माझ्याकडे सोडा कुठला?

पालकाचं तंत्र असं. पाण्याला खळखळून उकळी आली की पानं टाकायची, झाकण ठेवायचं नाही, एका मिनिटात काढून गार पाण्यात, मग वाटायची. झाकण ठेवलं की पानांतली आंबट वाफ आतच कोंडते आणि हिरवा रंग शेवाळी होतो. लिंबू पिळायचं ते पानात वाढल्यावर. हिरवेपणासाठी काही जणी सोडा घालतात. रंग टिकतो, पण जीवनसत्त्वं जातात. म्हणजे पुन्हा दिसण्यासाठी असणं घालवलं. नको.

बीट किसून पिळलं की झाला रस. चार थेंब लिंबू घातलं तर लाली टिकते. पुऱ्यांना सुरेख गुलाबी येतो, कारण पुरी पटकन तळून होते. तोच रस केकमध्ये घालून अर्धा तास भाजलात तर तपकिरी केक मिळेल, मग मला दोष देऊ नका. चव थोडी मातकट लागते, जिऱ्याने झाकली जाते. आणि बीट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी लालसर झाली तर दवाखान्यात धावू नका. काही जणांना होतं तसं. (आमच्या ह्यांनी एकदा धावाधाव केली होती.)

गाजराचा रंग पाण्यात उतरत नाही, तुपात उतरतो. किस मंद आचेवर तुपात परतायचा आणि तूप गाळून घ्यायचं, केशरी तूप तयार. त्यात शिरा भाजा. आणि सहा-सात आमसुलं अर्ध्या वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून नारळाच्या दुधात ते पाणी घातलं की सोलकढी. तिचं कौतुक मी काय करावं, कोकणातले वाचक माझ्या अंगावर येतील! एकच सांगते, आमसूल भिजवायला ॲल्युमिनियमचं किंवा बिनकल्हईचं भांडं घेऊ नका. काच किंवा स्टील बरं. आणि कोणताही रस दोन दिवसांहून जास्त फ्रीजमध्ये ठेवू नका. उरला तर बर्फाच्या साच्यात गोठवा.

दुपारी निळा भात, गुलाबी पुऱ्या, हिरवी भाजी, केशरी शिरा आणि सोलकढी असं पान वाढलं. एकही रंग बाटलीतल्याइतका भडक नव्हता. भात तर आभाळ भरून आल्यावर दिसतं तसा करडा-निळा. नात म्हणाली, "आजी, हा थोडासाच ब्लू आहे." मी म्हटलं, "फूल तेवढंच देतं बाळा." तिने विचार केला आणि म्हणाली, "मग उद्या जास्त फुलं आणू." वाद घालायची बुद्धी कुणाची आहे, ते घरात सगळ्यांना माहीत आहे!

मुद्दा चौथा, आणि सगळ्यात खरा. हा सूनबाईचा आहे, माझा नाही. त्या दुपारी भांडी आवरताना ती म्हणाली, "आई, छान झालं सगळं. पण तुम्ही दोघी सकाळी नऊपासून बसला होतात. मला रात्री साडेआठनंतर गोकर्ण कुठून मिळणार?"

याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण ती बरोबर आहे. घरचे रंग हे सवडीचं काम आहे. रविवारचं, सुट्टीचं, आजी-आजोबांनी नातवंडांबरोबर करायचं. ते रोजच्या डब्याचं काम नव्हे. बाटलीच्या जागी बीट आणून मी जर आयांच्या डोक्यावर आणखी एक कर्तव्य ठेवलं, तर माझ्यात आणि त्या शाळेत फरक काय राहिला? उद्या कुणी म्हणेल, 'नॅचरल ब्लू डे' करू या. तेही नको.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शाळांनी डब्याच्या रंगाचा गृहपाठ आयांना देणं बंद करावं. रंग शिकवायचे असतील तर वर्गात एक गोकर्णाचं फूल, एक लिंबू आणि काचेचा पेला आणावा. पाच मिनिटांत मुलं जे पाहतील, ते जन्मभर विसरणार नाहीत. पोळी-भाजीचा डबा आणणाऱ्या मुलाची चांदणी कापू नये. पहाटे उठून केलेल्या पोळीला 'साधी' म्हणून परत पाठवण्याचा अधिकार कोणत्याही शिक्षकाला नाही. हे मी शिक्षक म्हणूनच सांगते.

शाळेला असं पत्र मी लिहिलं आहे, सही करून, जुन्या पद्धतीने कागदावर. उत्तर अजून आलेलं नाही. सूनबाईने मात्र पालकांच्या ग्रुपवर एवढंच लिहिलं, "पुढच्या वेळी आम्ही पोळी-भाजीच देणार आहोत." अर्ध्या तासात ११ आयांनी खाली अंगठे दाखवले. म्हणजे बाटल्या आणायला कंटाळलेल्या आया पुष्कळ आहेत. बोलत कुणी नव्हतं.

आणि हो, तिची मी माफी मागितली. शाईच्या बोलण्याबद्दल. ती हसली आणि म्हणाली, "वड्या करा एकदा, पण बीट घालून." पुढच्या खेपेस करणार आहे. जमल्या तर प्रमाण इथे देईन, बिघडल्या तरी लिहीन.

तुमच्या नातवंडांच्या शाळेत असे 'डे' असतात का? असतील तर तुम्ही काय करता? जरूर लिहा. आणि नुसतं इथे लिहू नका, शाळेलाही लिहा.